आडनावाचं बाळ

इंदूरच्या दवाखान्यातल्या काचेच्या त्या खोलीत कुणालाच नाव नव्हतं. आत अकरा पेट्या, अकरा बाळं, आणि प्रत्येक पेटीला चिकटवलेलं एक कार्ड, त्यावर आईचं नाव नि आडनाव. नर्सबायांना एवढं लांबलचक वाचायला फुरसत कुठली? त्या सरळ आडनावानं हाक मारायच्या. "वर्मा ने दूध पलट दिया." "पटेल आज घर जाएगा." "खान की नली देखो ज़रा." वीतभर जीव, अंगावर धड कपडा नाही, आणि हाक मात्र कचेरीतल्या बड्या साहेबाला मारावी तशी.

"कदम रो रहा है, देखना कोई," हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मनोरमाबाईंनी दचकून मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, ह्यांना काय झालं रडायला! लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. बाहेर कुणाशी बोलायचं तर 'कदम म्हणत होते', 'कदमांना विचारून सांगते', असं. वीज मंडळातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले वासुदेवराव कदम त्या वेळी दाराबाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले होते आणि अजिबात रडत नव्हते. रडत होता तो त्यांचा तीन दिवसांचा नातू.

सातव्या महिन्यातच सून रुचीचं ब्लडप्रेशर चढलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि डॉक्टरांनी तासाभरात पोट उघडून पोर बाहेर काढलं. अकराशे वीस ग्रॅम. मनोरमाबाईंच्या मनात आलं, बडा गणपतीजवळच्या भाजीवाल्याकडची फुलकोबी याहून जड भरते. असला विचार आलाच कसा म्हणून त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या.

आईला आत केव्हाही जाता यायचं. आजीला मात्र सकाळी अकरा वाजता दहा मिनिटं, तीही कोपरापर्यंत हात धुवून, हिरवा झगा चढवून. निधी नावाची सांवेरकडची एक नर्स होती, पंचविशीची, बोलघेवडी. ती मनोरमाबाईंना पेटीजवळ नेऊन उभं करायची. "आंटीजी, आपका कदम बड़ा ज़िद्दी है. नाक की नली खींच देता है. बाकी सब चुपचाप पड़े रहते हैं, ये एक ही नेता है यहाँ का." मनोरमाबाई काचेतून बघायच्या. बोटं काड्यापेटीतल्या काड्यांएवढी, आणि छाती अशी भराभर खालीवर होत असलेली की बघणाऱ्यालाच धाप लागावी.

दवाखान्यात पडलेलं हे नाव हळूहळू घरी आलं. मुलगा अनीश सिमरोलच्या इंजिनियरिंग संस्थेत प्रयोगशाळेत कामाला होता. संध्याकाळी बसमधून उतरला की घरी यायच्या आधी दवाखाना, आणि घरी आला की हातात फोन. एका संध्याकाळी म्हणाला, "आई, बघ ना, लोक खरंच ठेवून राहिलेत हे नाव मुलांचं. लिहिलंय इथे. कदम म्हणजे कदंबाचं झाड, कृष्णाचं आवडतं. हिंदीत पाऊल. छोटं आहे, मॉडर्न आहे. मस्त वाटतं यार."

"अरे भिया, आडनाव आहे ते," वासुदेवराव उखडले. "होळकरांच्या घोडदळाबरोबर इकडे आलेल्या माणसांचं. पाळण्यात घालायची चीज आहे का? उद्या शाळेत काय सांगेल, कदम अनीश कदम? लोक समजतील लिहिणाऱ्याचा हात अडकला."

एवढं बोलून गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले ते डेअरीवाल्याला सांगून आले की आमच्या कदमने रात्री स्वतःचा स्वतः श्वास घेतला, मशीन काढली. मग रोज तेच सुरू झालं. कदमचं वजन, कदमची शी, कदमची कावीळ. चव्वेचाळीस वर्षं ज्या नावानं स्वतः मिरवले ते त्यांनी आठ दिवसांत पोराला देऊन टाकलं, आणि मागे काही शिल्लक ठेवलं नाही.

खरं नाव कुणी काढत नव्हतं. कदमांच्या घरात तशी रीतच होती. नाव आईनं मनात ठरवायचं, बारशाच्या वेळी फक्त आत्याला सांगायचं. आत्या ते बाळाच्या कानात कुर्रर्र करून सांगणार, आणि मग जगाला कळणार. त्याआधी नवराबायकोंनीसुद्धा आपसात ते बोलायचं नाही. रुचीनं पाचव्या महिन्यातच नाव ठरवलं होतं. अनीशनं दोनदा विचारलं, तिनं सांगितलं नाही. देवासची, मराठी घरातलीच मुलगी, बँकेत नोकरी करणारी. पण सासरची ही एक रीत तिला मनापासून आवडली होती. आपल्याजवळ काहीतरी असं आहे जे अजून कुणाजवळ नाही, याचं तिला हसू यायचं.

सहाव्या दिवशी मनोरमाबाईंनी घरी सटवाईची पूजा मांडली. पाटावर कोरा कागद नि पेन ठेवलं, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणून. बाळ घरात नव्हतंच. पाटासमोर एकट्या बसून त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. काय बरंवाईट लिहायचं असेल ते लिही बाई, पण पत्ता नीट बघून दवाखान्यात जा, असं त्या म्हणाल्या, आणि नंतर त्यांना आपल्याच बोलण्याची भीती वाटली.

तेराव्या दिवशी वजन हजार चाळीसवर उतरलं. रक्त चढवावं लागलं. पोर पांढरंफटक पडलं होतं. बाहेरच्या बाकावर रुची पोटावरचे टाके सांभाळत सासूशेजारी येऊन बसली.

"आई, आपण नाव ठेवून टाकू ना."

मनोरमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"सोयर पण फिटलं आता. मी ठरवलंय नाव. आत्या म्हणून अबोलीताईंना पुण्याला फोन लावू. त्या फोनवरून कानात सांगतील. सिस्टर निधीला विचारलं मी, ती बोलली, फोन साफ करून पिशवीत घालून दोन मिनिटं आत नेऊ देईल."

"फोनवरून बारसं? काय करून राहिलीस तू रुची, गंमत वाटते का?"

"गंमत नाही आई. मला हाक मारायची आहे त्याला. मी तासनतास तिथे बसते. आडनावानं किती दिवस हाक मारू? कुणा परक्याशी बोलल्यासारखं वाटतं."

"घरी येऊ दे. पाळण्यात घालू, घुगऱ्या वाटू, मग मार हवी तेवढी."

"आणि घरी नाही आला तर?"

मनोरमाबाईंचा हात कसा उठला ते त्यांनाही कळलं नाही. तो रुचीच्या तोंडावर जाऊन आदळला आणि तिथेच घट्ट दाबून राहिला. काढला तेव्हा बोटातल्या अंगठीचा वळ तिच्या वरच्या ओठावर उमटला होता. रुची उठली, हात धुतले आणि आत गेली.

सासू खाष्ट होती म्हणून असं झालं, असं कुणाला वाटेल तर ते खोटं. मनोरमाबाई भित्र्या होत्या, आणि त्यांच्या भीतीला कारण होतं. अबोलीच्या आधी, त्र्याऐंशी साली, त्यांना एक मुलगी झाली होती. मनोरमा तेव्हा चोवीस वर्षांची, हौशी. सरकारी दवाखान्यात चौथ्याच दिवशी, सोयर चालू असताना, आत्याबित्या कुणाची वाट न बघता तिनं मुलीचं नाव ठेवून टाकलं. आयाला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, अख्खा वॉर्ड त्या नावानं पोरीला हाका मारायला लागला. नवव्या दिवशी मुलगी काविळीनं गेली. सासूबाई चार माणसांत म्हणाल्या, "मरणाला नाव सांगून ठेवलंस ना? आता बस." ते नाव त्यानंतर मनोरमाबाईंच्या ओठांवर कधी आलं नाही. देवळात नाही, स्वप्नात नाही.

म्हणून त्यांचं एक गणित झालं होतं, वेडंवाकडं, पण पक्कं. नेणारा येतो तो नाव घेऊन येतो. नाव असलं की शोधतो. कदम म्हणावं, तर कदम इंदुरात हजार असतील. म्हातारे, तरणे, पोलिसातले, शाळेतले. त्या सगळ्यांच्या गर्दीत अकराशे ग्रॅमचं पोर कुठे सापडणार आहे? आडनावाइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, रुचीला तर नाहीच. पण दुसऱ्या दिवसापासून पेटीजवळ उभ्या राहिल्या की त्या स्वतः म्हणायला लागल्या, "कदम, ए कदम, दूध पी रे." निधी हसायची. "देखा आंटीजी, आपको भी भा गया ना नाम!"

आणि वजन वाढायला लागलं. हजार नव्वद. अकराशे साठ. बाराशे चाळीस. विसाव्या दिवशी तेराशे दहा. रुचीनं त्याला छातीशी धरलं, उघड्या अंगाला अंग लावून, पूर्ण तासभर. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की वासुदेवरावांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं. डॉक्टर म्हणाले, अठराशे झाला की घरी न्या.

मनोरमाबाईंना आता कोण आवरणार? बघा, माझं ऐकलंत म्हणून, असं त्या तोंडानं म्हणाल्या नाहीत, पण घरभर म्हणत फिरल्या. शेजारच्या भानुमतीबाईंकडून पाळणा मागून आणला. घुगऱ्यांसाठी हरभरे निवडून डब्यात भरले. अबोलीला फोन करून पुढच्या महिन्याचं तिकीट काढायला लावलं. ती बिचारी म्हणत होती, "आई, मी लवकर येऊन जाऊ का? रुची एकटी आहे." त्यावर ह्यांचं उत्तर, "आत्ता येऊन काय काचेला नाक लावून बसणार? बारशाला ये, मानानं ये." बाळाच्या कुंचीवर लावायला त्यांनी सोनेरी गोट आणला आणि दुपारभर चष्मा लावून शिवत बसल्या. एवढ्या आनंदात त्या कित्येक वर्षांत नव्हत्या. तेवढे तीन दिवस त्यांना मिळाले.

तेविसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांना आत सोडलं नाही. निधी दारात आली, नेहमीसारखी बोलली नाही. "पेट फूल गया है. दूध बंद किया है. डॉक्टर देख रहे हैं." बारा वाजता डॉक्टरांनी अनीशला बोलावून घेतलं. आतड्याला जंतूंनी खाल्लं होतं, कोवळं आतडं, फाटलं होतं. ऑपरेशन करावं एवढी ताकद त्या देहात नव्हती. अनीश बाहेर आला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. सदतीस वर्षांचा माणूस, शाळेतून हाकलून दिलेल्या पोरासारखा बसला.

तीन वाजता डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनी आत या. नियम संपले होते. पेटीचं झाकण उघडलं होतं, नळ्या काढल्या होत्या, फक्त एक ठेवली होती. रुची खुर्चीत बसली होती आणि बाळ तिच्या मांडीवर, पहिल्यांदाच कपड्यात गुंडाळलेलं. रंग राखेसारखा झाला होता. श्वास यायचा, मग इतका वेळ थांबायचा की सगळ्यांचे थांबायचे, मग पुन्हा यायचा.

मनोरमाबाईंना तेव्हा कळलं. कुणी शोधत आला नव्हता, कुणी नाव विचारलं नव्हतं. पोर असंच चाललं होतं. आपण त्याला लपवत नव्हतो, नुसतं बिननावाचं ठेवत होतो.

त्या रुचीजवळ खाली बसल्या. "रुची, नाव सांग. लवकर सांग. अबोली नाही तर मी सांगते त्याच्या कानात. मी आत्या होते. सांग बाई."

रुचीनं मान वर केली नाही.

"रुची, मी चुकले. मला भीती होती ग. माझी पहिली मुलगी..."

"माहीत आहे मला," रुची म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बँकेत काउंटरवर बोलावं तसा. "लग्नानंतर अनीशनं सांगितलं होतं. म्हणून तर त्या दिवशी गप्प बसले. तुमच्याकडे बघून गप्प बसले. तेवीस दिवस ह्याला नाव घेऊन हाक मारली नाही, एकटी असताना पण नाही. म्हटलं, आईंना एवढं वाटतं तर राहू दे."

"आता सांग ना मग."

"नाही."

"रुची!" अनीश पुढे झाला. "अगं मला तरी सांग. बाप आहे मी."

"नाही. मी मागितलं तेव्हा तोंड दाबलं माझं. आता ते नाव मी कुणाला देणार नाही. त्याला ऐकायचं तेव्हा ऐकवलं नाही, आता तुम्हाला कशाला?"

निधी पाठ करून उभी होती, कशाशी तरी उगाच खुडबुड करत. मनोरमाबाई तशाच गुडघ्यांवर पुढे सरकल्या. रुचीनं त्यांना अडवलं नाही, बाळही मागे घेतलं नाही. त्यांनी त्या इवल्या कानाशी तोंड नेलं. कुर्रर्र करायला गेल्या तर घशातून नुसती घरघर आली. आणि सांगायला त्यांच्याजवळ एकच होतं. "कदम," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. बारशात आत्यानं नाव सांगितलं की बायका हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. मनोरमाबाईंच्या वाकलेल्या पाठीवर कुणाचाच हात पडला नाही.

साडेचार वाजता बाळ गेलं.

एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. अनीश नि वासुदेवराव दोघेच गेले. परत आल्यावर वासुदेवरावांनी मोरीत पाय धुतले आणि पायरीवरच बसून राहिले. "तिथल्या माणसानं रजिस्टरात लिहायला नाव विचारलं," ते बायकोला म्हणाले. "मी बोललो, कदम. तो बोलला, बाबूजी सरनेम नहीं, नाम बताओ. मी बोललो, दोन्ही तेच लिही." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "बरं केलं ना मी?" मनोरमाबाईंनी मान हलवली. दुसरं काय सांगणार होत्या?

पाळणा भानुमतीबाईंकडे परत गेला. हरभरे डब्यात राहिले ते राहिलेच, शिजवायचं धैर्य कुणाला झालं नाही. तीन महिन्यांनी रुची पुन्हा बँकेत जायला लागली. भांडण नाही, अबोला नाही. पोळ्या एक लाटायची, दुसरी भाजायची. मीठ दे म्हटलं की मीठ मिळायचं. बाहेरच्या माणसाला वाटावं, काय समजूतदार सासूसुना आहेत. अनीशनं एकदा दारामागे रडत नाव विचारलं, तेही मनोरमाबाईंना ऐकू आलं, आणि रुचीचं 'नाही'सुद्धा.

मनोरमाबाईंना दिवसरात्र आता एकच ध्यास लागला होता. त्या नाव शोधायच्या. रुचीच्या टेबलावरचे कागद आवरताना, पुस्तकाची पानं चाळताना, तिच्या आईचा देवासहून फोन आला की कान टवकारून. आपण नातवाला ज्याच्यापासून तोडलं ते होतं तरी काय? एकदा कळलं असतं तर देवासमोर बसून ते घेतलं असतं, रोज घेतलं असतं. शंभर नावं त्या मनात लावून बघायच्या आणि प्रत्येक नाव त्या राखी चेहऱ्यावर बसायचं.

एका रविवारी दुपारी रुची गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मनोरमाबाई आतून आल्या आणि दाराशीच थांबल्या. रुचीचे ओठ हलत होते. ती पुटपुटत होती, हळू, लाडानं, मान किंचित कलती करून, मधेच हसल्यासारखी. कुणाशी तरी बोलत होती, आणि बोलताना हाक मारत होती. मनोरमाबाईंनी श्वास रोखला. एक पाऊल पुढे टाकलं. रुचीनं वळून पाहिलं आणि तिचं तोंड मिटलं.

"चहा ठेवू?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"ठेवा आई."

त्या आत गेल्या, आधण ठेवलं. पाणी सणसणायला लागलं तेवढ्यात त्यांना वाटलं, बाहेर पुन्हा सुरू झालं. त्यांनी झटकन गॅस बंद केला आणि ओट्याला धरून कान दिला. रस्त्यावरून रिक्षा गेली. खाली कुणीतरी शटर ओढलं. बाकी काही नाही.

"गॅस का बंद केलात?" रुची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात रिकामी बादली.

"ऐकू येत नव्हतं ग," मनोरमाबाई बोलून गेल्या.

रुची त्यांच्याकडे पाहत राहिली. रागानं नाही, दयेनंही नाही.

"येणारही नाही," ती म्हणाली, आणि बादली ठेवून कप काढायला लागली.